शिळ्या भातातील जीवाणू आणि तक्त्यातील शून्ये

आमच्या रत्नागिरीच्या घरी रात्री भात उरला की सकाळी त्याला फोडणी पडते, आणि या नियमाला माझ्या आठवणीत अपवाद नाही. त्यामुळे पुण्यात पीएच.डी.साठी मी बॅसिलस सिरियस हा जीवाणू घेतला आहे आणि तो शिजवून ठेवलेल्या भातात वाढतो, असे जेव्हा मी घरी सांगितले, तेव्हा बाबांनी लगेच विचारले, "अगं, मग आम्ही इतकी वर्षं फोडणीचा भात खातोय, आम्हाला कसं काही झालं नाही?" प्रश्न साधा होता, पण त्याचे नीट उत्तर द्यायला मला पुढे जवळजवळ दोन वर्षे लागली, आणि त्या उत्तराचा मोठा भाग वेगवेगळ्या स्ट्रेनमधील, म्हणजे याच जीवाणूच्या वेगवेगळ्या वाणांमधील, विषजनुकांची तुलना करण्यात गेला.

आधी जीवाणूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. बॅसिलस सिरियस मातीत सर्वत्र असतो आणि तांदळाच्या दाण्याबरोबर त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची कणखर सुप्त रूपे, स्वयंपाकघरात येतात. भात शिजताना हे बीजाणू मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने त्यांना अंकुरण्याची चालनाच मिळते. मोठ्या पातेल्यातला भात आतून तासन्‌तास कोमट राहतो आणि तेवढ्या वेळात जीवाणू झपाट्याने वाढतात. काही स्ट्रेन या वाढीच्या काळात सेरूलाइड नावाचे छोटेसे वलयाकृती विष तयार करतात. ते १२१ अंश सेल्सिअसलाही टिकते, त्यामुळे सकाळच्या फोडणीने जीवाणू मेले तरी विष तसेच राहते, आणि खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात उपाहारगृहांतील परतलेल्या भातामुळे जे उलट्यांचे प्रकार घडले, त्यांच्या मुळाशी हीच रीत होती: उकडलेला भात मोकळा राहावा म्हणून रात्रभर फ्रिजबाहेर ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी तो परतणे. आपल्या फोडणीच्या भाताची कृती याहून फारशी निराळी नाही.

याच जीवाणूचा दुसरा आजार जुलाबाचा आहे आणि त्याची ओळख आधी झाली. ऑस्लोमध्ये व्हॅनिला सॉसमधून झालेल्या विषबाधांचा अभ्यास स्टेइनार हाउगे यांनी केला, आणि हाच जीवाणू कारण आहे याची खात्री करण्यासाठी त्यांनी तो वाढवलेला सॉस स्वतः प्यायला. जुलाबांची विषे प्रथिनांची असतात आणि त्यांपैकी तीन महत्त्वाची आहेत: एचबीएल, एनएचई आणि सायटोटॉक्सिन-के. पहिली दोन प्रत्येकी तीन घटक प्रथिनांची मिळून बनतात, म्हणजे तीनही जनुके शाबूत असतील तरच विष पूर्ण होते. सेरूलाइडची गोष्ट याहून वेगळी आहे. ते प्रथिन नाही. ते तयार करणारी यंत्रणा सेस नावाच्या सात जनुकांच्या रांगेत लिहिलेली असते, ही रांग डीएनएच्या सुमारे २४ हजार अक्षरांची असते, आणि ती मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या लहान वर्तुळावर, असते. एएच १८७ या प्रसिद्ध स्ट्रेनमधील हे प्लाझ्मिड सुमारे २ लाख ७० हजार अक्षरांचे आहे. हा स्ट्रेन १९७२ साली भात खाऊन आजारी पडलेल्या माणसाच्या उलटीतून वेगळा केलेला होता.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मला पहिल्याच महिन्यात ठाऊक होता: भातात वाढणाऱ्या सगळ्याच बॅसिलस सिरियसकडे सेस जनुके नसतात, ती मोजक्याच स्ट्रेनकडे असतात. पण आपल्याकडच्या भातातल्या जीवाणूंकडे कोणती जनुके आहेत, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी खानावळी आणि कॅन्टीनमधून, मालकांची परवानगी घेऊन, शिजवलेल्या भाताचे नमुने आणले आणि ते एमवायपी अगार या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावर वाढवले. या अगारवर बॅसिलस सिरियसच्या वसाहती गुलाबी दिसतात, कारण तो मॅनिटॉल आंबवत नाही, आणि त्यांच्याभोवती अंड्याच्या बलकाचा पांढरट साका धरतो. त्यातून चौदा आयसोलेट, म्हणजे वेगळ्या काढलेल्या वसाहती, निवडले आणि त्यांना भा-१ ते भा-१४ अशी नावे दिली.

पहिली तुलना पीसीआरने, म्हणजे ठरावीक जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते आहे का हे पाहणाऱ्या चाचणीने, केली. प्रत्येक जनुकासाठी प्राइमरची जोडी, जेलवर पट्टी दिसली तर तक्त्यात १, नाही दिसली तर ०. तीन आठवड्यांत तक्ता भरला आणि मी तो माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि भा-५ आणि भा-११ यांच्या ओळींवर बोट ठेवून विचारले, "एनएचई-ए इथे शून्य का आहे?"

मी म्हणाले, "सर, पट्टी आली नाही. दोनदा करून पाहिलं."

"पट्टी आली नाही हे तुझं निरीक्षण झालं. जनुक नाही हा तू काढलेला निष्कर्ष आहे. तक्त्यात तू निष्कर्ष लिहिला आहेस."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, कारण त्यानंतरचे माझे जवळपास सगळे काम त्याचाच विस्तार होते. एनएचईची जनुके या जीवाणूच्या जवळजवळ सर्व स्ट्रेनमध्ये आढळतात. दोन आयसोलेटमध्ये ती नसणे अशक्य नव्हते, पण शंका घेण्याइतके दुर्मीळ नक्कीच होते. प्राइमर ही वीस-बावीस अक्षरांची लहानशी साखळी असते आणि ती पूर्वी अभ्यासलेल्या काही स्ट्रेनवरून आखलेली असते. नव्या स्ट्रेनमध्ये नेमक्या त्याच जागी, विशेषतः प्राइमरच्या शेवटच्या टोकाशी, दोन-तीन अक्षरे बदललेली असली तर जनुक पूर्ण असूनही पट्टी उमटत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण एनव्हीएच ३९१-९८ हा स्ट्रेन आहे. १९९८ साली फ्रान्समध्ये भाज्यांच्या प्युरेतून झालेल्या विषबाधेत तीन वृद्धांचा मृत्यू झाला, तो या स्ट्रेनमुळे. त्याच्याकडे एनएचई आहे, पण ते इतरांपेक्षा इतके वेगळे आहे की नेहमीच्या प्राइमरना ते सापडत नाही.

म्हणून चौदाही आयसोलेटचे संपूर्ण जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, वाचून घ्यायचे ठरले. डीएनए काढून बाहेर एका ठिकाणी इल्युमिना सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे त्याची अक्षरे वाचून घेण्यासाठी, पाठवला, आणि दीड महिन्याने प्रत्येकी लाखो छोट्या रीडच्या, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांच्या, फायली हातात आल्या. प्रत्येक रीड १५० अक्षरांचा. ते जोडून सलग तुकडे, म्हणजे कॉन्टिग, बनवण्याचे काम स्पेड्स या प्रणालीने केले. जनुकांकडे वळण्याआधी मी प्रत्येक बांधणीची एकूण लांबी आणि त्यातील जी-सीचे, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी या दोघांचे, प्रमाण पाहिले, आणि हे पाहणे वाया गेले नाही. बॅसिलस सिरियसचा जीनोम साधारण ५३ ते ५९ लाख अक्षरांचा असतो आणि त्यात जी-सी सुमारे ३५ टक्के असते. तेरा आयसोलेट या चौकटीत बसले. भा-२ची लांबी मात्र १ कोटीच्या पुढे गेली, जी-सी तेवढेच राहूनही. म्हणजे परका जीवाणू मिसळलेला नव्हता; याच जीवाणूचे दोन वेगवेगळे स्ट्रेन एकाच नळीत होते. अगारवर त्यांच्या वसाहती डोळ्यांना अगदी सारख्या दिसत होत्या. असा जीनोम तपासात राहिला असता तर दोन स्ट्रेनची जनुके एका ओळीत जमा झाली असती आणि भा-२ हा सर्वांत विषारी आयसोलेट म्हणून नोंदला गेला असता. मी तो पुन्हा पुन्हा रेघाटून एकेक वसाहत वेगळी केली आणि नव्याने सिक्वेन्सिंगला दिला. त्यात सहा आठवडे गेले आणि त्या सहा आठवड्यांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

पुढची पायरी प्रोका या प्रणालीने जनुके ओळखण्याची आणि रोअरी या प्रणालीने सर्व स्ट्रेनची जनुके एकमेकांशी ताडून पाहण्याची होती. सोबत मी सार्वजनिक संग्रहातील काही जीनोम घेतले: एएच १८७, या जातीचा प्रमाण स्ट्रेन एटीसीसी १४५७९, ज्याचा जीनोम २००३ साली प्रसिद्ध झाला, एटीसीसी १०९८७, आणि एनव्हीएच ३९१-९८. रोअरी सारखी प्रथिने एका गटात ठेवते आणि शेवटी मोठा तक्ता देते, ज्यात प्रत्येक ओळ एक जनुक आणि प्रत्येक स्तंभ एक स्ट्रेन असतो. तो तक्ता उघडून मी एनएचई-ए शोधले आणि भा-५ आणि भा-११ समोर पुन्हा रिकामी चौकट दिसली. क्षणभर पीसीआर बरोबर होता असे वाटले. मग लक्षात आले की त्याच तक्त्यात एनएचई-ए हे नाव तीन वेगवेगळ्या ओळींत आहे. रोअरीची मूळ मर्यादा ९५ टक्के साम्याची आहे, म्हणजे दोन प्रथिने त्याहून कमी जुळली तर ती वेगळी जनुके धरली जातात. एकाच जातीच्या जवळच्या स्ट्रेनसाठी ही मर्यादा योग्य आहे, पण बॅसिलस सिरियस हा खरे तर दूरदूरच्या नातलगांचा मोठा गोतावळा आहे आणि त्यात ही मर्यादा एकाच जनुकाचे तुकडे पाडते. भा-५ आणि भा-११ यांचे एनएचई-ए शेजारच्याच ओळीत, पूर्ण लांबीचे, एनएचई-बी आणि एनएचई-सीच्या लगत आपल्या जागी होते. मी प्राइमरची अक्षरे त्यावर ठेवून पाहिली. शेवटच्या पाच अक्षरांत दोन बदल होते.

त्या दिवसापासून मी साम्याच्या टक्केवारीबरोबर शेजारही पाहू लागले. जनुकाच्या डावी-उजवीकडे कोणती जनुके आहेत हे सर्व स्ट्रेनमध्ये जुळले, तर साम्य ९० टक्के असले तरी ते तेच जनुक मानायला आधार मिळतो. एचबीएल आणि एनएचई यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण या दोन विषांचे घटक एकमेकांचे दूरचे नातलग आहेत आणि सैल मर्यादेने शोधले तर एकाचे नाव दुसऱ्याला चिकटू शकते. मर्यादा कडक ठेवली तर असलेले जनुक हरवते आणि सैल केली तर नसलेले सापडते. दोहोंच्या मधला एकच आकडा सगळ्या जनुकांना लागू पडेल अशी माझी अपेक्षा होती, ती या टप्प्यावर मी सोडून दिली.

सैल मर्यादेचा अनुभव लवकरच आला. विषजनुकांच्या प्रथिनांची एक यादी करून मी ती ब्लास्ट या शोधप्रणालीने सर्व जीनोममध्ये शोधली आणि ८० टक्के साम्याच्या वरचे ते सारे नोंदले. भा-३ समोर सायटोटॉक्सिन-के-१ असे नाव आले. फ्रान्समधील तीन मृत्यूंशी जोडलेले विष तेच आहे. कॅन्टीनच्या भातात ते सापडणे म्हणजे गंभीर बाब होती आणि मी संध्याकाळी उशिरा सरांना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, "साम्य किती टक्के? आणि के-२ यादीत होतं का?" साम्य ८९ टक्के होते, आणि के-२ माझ्या यादीत नव्हते. के-१ आणि के-२ ही दोन प्रथिने आपापसांत ८९ टक्केच जुळतात. के-२ अनेक साध्या स्ट्रेनमध्ये आढळते. के-१ मात्र एनव्हीएच ३९१-९८ ज्या गटात मोडतो त्या गटापुरते मर्यादित आहे, आणि त्या गटाला २०१३ साली बॅसिलस सायटोटॉक्सिकस असे स्वतंत्र नाव मिळाले. मी के-२ यादीत घातले आणि भा-३चे प्रथिन त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळले. तरीही संगणकाबाहेरचा एक पुरावा हवा म्हणून भा-३ला ५० अंश सेल्सिअसला ठेवले. बॅसिलस सायटोटॉक्सिकस त्या तापमानाला वाढतो. भा-३ वाढला नाही. पॅन-सी या जनुकाच्या क्रमावरून या जीवाणूंचे गट पाडतात; त्यातही तो बॅसिलस सायटोटॉक्सिकसच्या सातव्या गटात नव्हे, चौथ्या गटात पडला.

आता सेस. इथे परिस्थिती उलटी होती. भा-८ मध्ये पीसीआरने सेसची स्पष्ट पट्टी दिली होती, पण जीनोमच्या तक्त्यात तिथे शून्य होते. मी नियम असा केला होता की जनुकाची किमान ८० टक्के लांबी एकाच कॉन्टिगवर मिळाली तरच १ लिहायचे. सेस-ए सुमारे १० हजार आणि सेस-बी सुमारे ८ हजार अक्षरांचे आहे, आणि दोन्हींत एकसारख्या रचनेचे भाग पुन्हा पुन्हा येतात, कारण ही प्रथिने एकेक घटक क्रमाने जोडत विषाची साखळी विणतात. १५० अक्षरांच्या रीडमधून अशा जागा जोडताना बांधणी तुटते. भा-८ मध्ये सेस-ए तीन कॉन्टिगवर विखुरले होते आणि एकाही तुकड्याला ८० टक्क्यांची अट पूर्ण करता येत नव्हती. मी बांधणी बाजूला ठेवली आणि मूळ रीड थेट एएच १८७च्या प्लाझ्मिडवर बसवून पाहिले. सातही जनुकांवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रीडचा सलग थर होता. भा-८ पॅन-सीच्या तिसऱ्या गटात होता, आणि एएच १८७ही त्याच गटातला आहे.

पण रीडचा थर जनुके आहेत एवढेच सांगतो. ती कुठे आहेत आणि सलग आहेत का, हे सांगत नाही. त्यासाठी भा-८चा डीएनए नॅनोपोर या दुसऱ्या सिक्वेन्सिंग पद्धतीने वाचला, जिथे एकेक रीड हजारो अक्षरांचा असतो. बांधणी संपल्यावर पडद्यावर एक मोठे वर्तुळ आले, ते गुणसूत्र, आणि एक लहान वर्तुळ, सुमारे २ लाख ७० हजार अक्षरांचे. त्या लहान वर्तुळावर सेस-एच, पी, टी, ए, बी, सी, डी ही सात जनुके ओळीने उभी होती. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. तीन तुकड्यांत तुटलेली गोष्ट अखंड दिसली होती.

इथे थोडे विषयांतर करते, पण ते या कामाशी जोडलेलेच आहे. या प्लाझ्मिडचा सांगाडा अँथ्रॅक्सच्या जीवाणूकडील पीएक्सओ-१ या प्लाझ्मिडशी नाते सांगतो. बॅसिलस सिरियस, शेतात कीटकनाशक म्हणून वापरला जाणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅक्सचा जीवाणू, यांची गुणसूत्रे इतकी सारखी आहेत की त्यांची वेगळी ओळख बरीचशी प्लाझ्मिडवरच्या जनुकांनी ठरते. आणि अँथ्रॅक्सच्या जीवाणूकडे एनएचईची जनुके असूनही ती व्यक्त होत नाहीत, कारण त्यांना चालू करणारे पीएलसी-आर हे नियामक जनुक तिथे एका बदलाने निकामी झालेले आहे. म्हणजे माझ्या तक्त्यातील १ सुद्धा शून्याइतकाच तपासायला हवा होता.

तो तपास सेस-बीपासूनच सुरू झाला. नॅनोपोरच्या बांधणीत सेस-बी मध्येच तुटल्यासारखे दिसत होते: एका ठिकाणी वाचनाची चौकट सरकली होती आणि पुढे लगेच थांबण्याची खूण होती. तसे असेल तर सात जनुके असूनही विष तयार होणार नाही. ती जागा पाहिली तर तिथे ए हे अक्षर सलग सात वेळा होते. या जीवाणूत जी-सी कमी असल्याने ए आणि टीच्या अशा रांगा खूप असतात, आणि नॅनोपोरला सारख्याच अक्षरांची लांब रांग मोजताना एखादे अक्षर चुकते. इल्युमिनाचे रीड त्या जागी बसवले तेव्हा तिथे आठ ए होते. मी तेवढ्याच भागाचे सँगर या जुन्या, अचूक पद्धतीने सिक्वेन्सिंगही करून घेतले आणि आलेखावरची ए दाखवणारी हिरवी शिखरे पेनाच्या टोकाने मोजली. आठ. जनुक शाबूत होते.

दरम्यान ज्या कॅन्टीनमधून भा-८ आला होता तिथल्या काकांना मी भेटून आले. तिथे कोणी आजारी पडले नव्हते आणि एका नमुन्यावरून त्यांना घाबरवण्याचा माझा हेतू नव्हता. भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवण्याऐवजी परातींत पातळ पसरून लवकर निववावा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, किंवा ६० अंशांच्या वर गरम राखावा, एवढेच सांगितले. त्यांनी परातीचे म्हणणे मान्य केले. घरी आईलाही तेच सांगितले, आणि बाबांना सांगितले की आपल्या भातात बहुधा सेसवाला स्ट्रेन नव्हता, आणि असला तरी आपला भात रात्री उशिरा शिजून सकाळी लवकर संपत होता. यातले नेमके काय कारणीभूत होते हे आता कोणालाच मोजता येणार नाही.

शेवटची चाचणी जनुकांची नव्हती. भा-८ रात्रभर वाढवून त्याच्या पेशींचा अर्क रेणूंचे वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर दिला. सेरूलाइडचा रेणू सुमारे ११५२ डाल्टनचा असतो आणि पोटॅशियमला घट्ट धरून ठेवणे हा त्याचा मूळ गुण आहे. पेशीला त्याची बाधा होते ती याच गुणामुळे. आलेखावर ११७५ला सोडियमसह आणि ११९१ला पोटॅशियमसह अशी दोन शिखरे उभी राहिली. बाजूच्या आलेखात, सेस नसलेल्या भा-३च्या अर्कात, त्या दोन्ही जागा सपाट होत्या. तक्त्यात भा-८च्या ओळीत आता एका आकड्याऐवजी चार नोंदी आहेत: पीसीआरने दिसले, रीडमध्ये दिसले, प्लाझ्मिडवर अखंड आहे, विष मोजले. भा-५ आणि भा-११ यांच्या एनएचईसमोरची शेवटची चौकट अजून रिकामी आहे आणि त्यांचे प्रथिन खरोखर तयार होते का हे पाहणाऱ्या प्रतिपिंड-चाचणीचे किट पुढच्या आठवड्यात येणार आहे.